आले किती, राहिले किती : बर्गींच्या स्वाऱ्या आणि बंगालची वंशवेल

बंगालमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानावर केव्हा ना केव्हा एक बंगाली अंगाईगीत पडल्यावाचून राहत नाही. मूल निजले, वस्ती शांत झाली आणि देशात बर्गी आले, असा त्याचा आशय आहे. पाखरांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशाने भरावा, ही विवंचनाही त्याच गीतात पुढे येते. शेजारची आजी ते अगदी निरागसपणे गात असते. मूल थोडे मोठे झाले, शाळेत इतिहास शिकू लागले, म्हणजे त्याला उमगते की हे बर्गी म्हणजे मराठे. मग ते घरी येऊन विचारते, ‘आपण त्या बर्गींचे वंशज आहोत का?’

या प्रश्नाला आपल्या घरांतून आजवर बहुधा दोनच प्रकारची उत्तरे मिळत आली. कोणी विषय टाळला, तर कोणी मराठ्यांच्या पराक्रमाच्या कथा सांगून मुलाचे समाधान केले. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. स्वारी करणारे किती आले, त्यांतले किती राहिले आणि मागे काय उरले, हा इतिहासाचा प्रश्न आहे व त्याचे उत्तरही इतिहासाकडेच मागितले पाहिजे. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याचा विचार व्हावा हे उचितच होय. कारण ज्या भूमीत आपण घरे केली त्या भूमीशी असलेले आपले सर्वांत जुने नाते नेमके हेच आहे.

प्रथम ‘बर्गी’ या शब्दाविषयी. मराठी घोडदळात शिलेदार व बारगीर असे दोन वर्ग असत. स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारातून घोडा मिळे तो बारगीर. या ‘बारगीर’ शब्दाचेच बंगाली लोकांच्या तोंडी ‘बर्गी’ असे रूप झाले. आपल्याकडे हा शब्द लष्करी नोकरीचा एक साधा दर्जा सांगतो. बंगालमध्ये मात्र तो भयाचे दुसरे नाव होऊन बसला.

स्वाऱ्यांचा काळ १७४२ ते १७५१ असा सुमारे दहा वर्षांचा आहे. अलीवर्दीखानाने १७४० साली गिरियाच्या लढाईत सर्फराजखानाला मारून बंगाल, बिहार व ओरिसा या तिन्ही सुभ्यांची सत्ता बळकावली होती. त्याच्यावर नाराज असलेल्या सरदारांनी नागपूरकर रघूजी भोसले यांच्याकडे संधान बांधले. रघूजींनाही चौथाईसाठी पूर्वेकडे वाट हवीच होती. त्यांनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांस मोठ्या घोडदळानिशी पाठविले. १७४२ च्या एप्रिलात बर्दवानजवळ मराठ्यांनी अलीवर्दीला कोंडीत पकडले. तो मोठ्या कष्टाने निसटला. मीर हबीब हा कसलेला मुत्सद्दी याच सुमारास मराठ्यांस मिळाला. त्याच्या सल्ल्याने मराठ्यांनी मे महिन्यात खुद्द मुर्शिदाबादेवर झडप घातली व जगतशेठांची पेढी लुटली. पुढे हुगळीही त्यांच्या हाती आली. पावसाळा तोंडावर आला तरी भास्करपंत परत फिरले नाहीत. त्यांनी काटव्याजवळ छावणी केली.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत काटव्यानजीक दाईंहाट येथे भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. महाराष्ट्रीय ब्राह्मण सेनापतीने बंगालच्या मातीत, बंगालच्या रीतीने देवीचा उत्सव आरंभिला होता. तो पुरा मात्र झाला नाही. अलीवर्दीने रात्रीतून नद्या ओलांडून २७ सप्टेंबर १७४२ रोजी, नवमीच्या पहाटे छावणीवर छापा घातला आणि मराठ्यांना पूजा टाकून पळावे लागले. वर्षअखेर त्यांना चिल्का सरोवराच्या पलीकडे हटावे लागले.

पुढील वर्षी स्वतः रघूजी आले. आणि त्यांना आवरण्यासाठी, बादशहाच्या विनंतीवरून, नानासाहेब पेशवेही बंगालमध्ये उतरले. एका मराठी फौजेने दुसरीस हुसकावून लावावे आणि दोहोंचा भार तेथील रयतेने सोसावा, असा तो विलक्षण देखावा होता. अखेर शाहू महाराजांनी मध्ये पडून १७४३ साली दोघांची क्षेत्रे वाटून दिली व पूर्वेकडील प्रदेश भोसल्यांच्या वाट्याला आला. १७४४ साली भास्करपंत पुन्हा आले. तहाची बोलणी करण्याच्या मिषाने अलीवर्दीने त्यांना मानकरा येथे तंबूत बोलाविले आणि ३१ मार्च १७४४ रोजी भास्करपंतांसह वीसेक सरदारांची तेथेच कत्तल केली. या विश्वासघाताचा सूड म्हणून १७४५ मध्ये रघूजींनी पुन्हा स्वारी केली, कटक घेतले आणि युद्ध आणखी सहा वर्षे चालू राहिले. १७५१ च्या तहाने सालीना बारा लाख रुपये चौथाई ठरली, ओरिसाचा वसूल मराठ्यांकडे गेला व सुवर्णरेखा नदी ही सीमा मानली गेली. मराठ्यांनी ती ओलांडू नये असे ठरले.

हा झाला राजकारणाचा वृत्तान्त. आपल्या मराठी ग्रंथांत तो बहुधा मानकऱ्याच्या दगलबाजीपाशी येऊन थबकतो. भास्करपंतांविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या हळहळीच्या आड जी माणसे दिसेनाशी होतात त्यांच्याकडेही पाहिले पाहिजे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ‘महाराष्ट्र पुराण’ नावाचे काव्य लिहिले. त्याच्या हस्तलिखितावर १७५१ चे साल येते. एडवर्ड डिमॉक व प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ साली त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यापासून ते जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाले आहे. गाव सोडून पळणाऱ्या माणसांची गंगारामाने जणू मिरवणूकच रेखाटली आहे. पोथ्या उचलून निघालेले ब्राह्मण, तागडी घेतलेले सोनार, जाळी खांद्यावर टाकलेले कोळी, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सारे एकाच वाटेने चालले आहेत. पाठोपाठ जाळपोळ, हातपाय व नाककान तोडणे आणि स्त्रियांवरील अत्याचार यांचे वर्णन येते. विशेष हे की, कवीच्या मनात मराठ्यांविषयी मुळात वैर नाही. पापी झालेल्या लोकांना शासन व्हावे म्हणून शिवानेच शाहू राजाला प्रेरणा दिली, अशी त्याच्या काव्याची मांडणी आहे. परंतु ब्राह्मण व स्त्रिया यांची विटंबना पाहून देवीनेच भास्करावरील आपली कृपा काढून घेतली, असे तो पुढे सांगतो. भारतचंद्र रायांच्या ‘अन्नदामंगल’ काव्यातही बर्गींच्या स्वारीचा उल्लेख अशाच देवकोपाच्या अंगाने आला आहे.

या संकटात बंगालमध्ये सुमारे चार लाख माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज तत्कालीन डच व्यापाऱ्यांच्या लिखाणात आढळतो. तो अंदाजच आहे, मोजदाद नव्हे. पण विणकरांचे माग थांबले, रेशमाचा व्यापार कोसळला, बर्दवान, बीरभूम व मेदिनीपूर हे प्रदेश उजाड झाले, याविषयी निरनिराळ्या भाषांतील साधनांचे एकमत आहे. ते झाकून ठेवून आपल्या मुलांना इतिहास शिकविता येणार नाही.

आता वंशाच्या प्रश्नाकडे वळू. स्वाऱ्यांनी एखाद्या राष्ट्राचा वंश कितपत बदलतो, याचे उत्तर शोधण्याचा सर्वाधिक प्रयत्न इंग्लंडसारख्या देशांत झाला आहे. तेथील लोकांच्या स्मरणात ‘बर्गी’ आहेत ते वायकिंग. डेन्मार्क व नॉर्वे या देशांतील हे दर्यावर्दी लोक. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्न बेटावरील ख्रिस्ती मठ लुटला, तेथपासून त्यांच्या धाडी सुरू झाल्या. आपल्याकडील घोडा तो त्यांच्याकडे उथळ पाण्यातूनही चालणारी लांबट होडी. दोघांचेही बळ वेगात होते. फौज जमविण्याआधीच धाड येऊन गेलेली असे.

साम्य येथेच संपत नाही. ९९१ साली इंग्लंडच्या राजाने त्यांना दहा हजार पौंड चांदी देऊन परत पाठविले. पुढे या खंडणीला ‘डेनगेल्ड’ असे नाव पडले. आपल्या चौथाईची आठवण व्हावी असाच हा प्रकार. आणि मानकऱ्याची आठवण करून देणारा प्रसंगही तेथे आहे. १३ नोव्हेंबर १००२ रोजी, संत ब्राइसच्या सणादिवशी, राजा एथेलरेड याने आपल्या राज्यातील डेन लोकांची कत्तल करण्याचा हुकूम दिला. परिणामही तसाच झाला. डेन्मार्कचा राजा स्वेन चालून आला आणि १०१६ साली त्याचा पुत्र नूट इंग्लंडच्या सिंहासनावर बसला. विश्वासघाताने स्वारी थांबत नाही, वाढते, हे कटकाप्रमाणे तेथेही दिसून आले.

पण एका ठिकाणी दोन्ही इतिहासांच्या वाटा वेगळ्या होतात. इंग्लंडच्या जुन्या बखरीत ८७६ सालाखाली एक छोटी नोंद आहे. हाफडन नावाच्या सरदाराने उत्तरेकडील जमीन आपल्या लोकांना वाटून दिली आणि ते ती नांगरू लागले, असे ती सांगते. आदल्या दिवसापर्यंत जे लुटारू होते, ते नांगर हाती धरताच कुणबी झाले. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी अशा ‘बी’ने संपणाऱ्या गावांच्या नावांत त्यांची वस्ती आजही ओळखू येते, कारण ‘बी’ म्हणजे त्यांच्या भाषेत वाडी अथवा गाव. इंग्रजी भाषेतील ‘लॉ’ हा कायद्याचा शब्द त्यांचाच. ‘एग’, ‘विंडो’, ‘हजबंड’ हे शब्दही त्यांचेच. हे शब्द रणांगणावरचे नाहीत. अंडी, खिडकी आणि घरधनी यांचे शब्द शेजारपणातून व लग्नसंबंधांतून येतात.

रक्ताची साक्ष मात्र याहून गुंतागुंतीची निघाली. ब्रिटनमधील लोकांच्या जनुकांचा एक विस्तृत अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत नॉर्वेकडून आलेला अंश सुमारे पाव भरला. परंतु जेथे डेन लोकांचे राज्य होते त्या इंग्लंडच्या भागात त्यांची वेगळी अशी स्पष्ट खूण सापडली नाही. त्याआधी येऊन वसलेले अँग्लो-सॅक्सन लोक त्याच टापूतून आलेले असल्याने दोघांचे रक्त वेगळे काढणेच कठीण, असेही काही तज्ज्ञांचे म्हणणे आहे. आइसलँडची गोष्ट निराळी. ते बेट नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वसविले गेले. तेथील पुरुषवंश पाहिला तर सुमारे तीन चतुर्थांश नॉर्वेसारख्या उत्तरेकडील देशांचा. मातृवंश पाहिला तर निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. त्या माता तेथे कशा पोहोचल्या याचा विचार केला म्हणजे त्या आकड्यांमागील मौन जाणवते. काही विवाहाने गेल्या असतील. पण कित्येक धरून नेलेल्या होत्या. राष्ट्राच्या वंशावळीत विजेत्यांची नावे असतात, त्या स्त्रियांची नसतात.

आणखी एक उदाहरण नॉर्मंडीचे. ९११ साली फ्रान्सच्या राजाने रोलो नावाच्या सरदारास सीन नदीच्या मुखाकडील प्रदेश देऊन तेथे बसविले. काही पिढ्यांतच त्याचे लोक फ्रेंच बोलू लागले, ख्रिस्ती झाले. आणि १०६६ साली इंग्लंड जिंकावयास निघाले तेव्हा त्यांच्या तोंडी पूर्वजांची भाषा उरली नव्हती. तेव्हा या साऱ्या उदाहरणांचा मथितार्थ असा की, स्वारी किती भयंकर होती यावर वंश ठरत नाही. स्वारीनंतर कोण, कोठे आणि कशासाठी राहिला यावर तो ठरतो.

हाच निकष बंगालला लावून पाहू. बर्गी येथे मुलूखगिरीवर आले. मुलूखगिरीचे गणित ठरलेले असे : दसऱ्यानंतर निघावे, वसूल अथवा लूट घ्यावी, पावसाळ्यापूर्वी परतावे. घोडदळासोबत बायकामुले नव्हती, नांगरही नव्हता. भागीरथी व तिच्या फाट्यांनी विणलेला बंगालचा सखल प्रदेश घोड्यांस पावसाळ्यात प्रतिकूल. नदी हीच तेथील तटबंदी. शिवाय नागपूरकरांचे उद्दिष्ट जमीन घेणे हे नव्हते, चौथाई ठरवून घेणे हे होते. ती ठरताच फौज सुवर्णरेखेपलीकडे गेली. मागे राहिलेल्यांच्या काही कथा मात्र आहेत. हुगळी जिल्ह्यातील इटाचुना येथील कुंडू घराण्याचा वाडा ‘बर्गीडांगा’ म्हणून ओळखला जातो. आपले पूर्वज बर्गींबरोबर आले व येथेच राहून बंगाली झाले, अशी त्या घराण्याची परंपरा सांगते. अशी घराणी असली तरी ती मोजकीच. इंग्लंडमध्ये वायकिंगांनी गावांची नावे व घरगुती शब्द ठेवले. आपल्या स्वारांनी बंगालला दिलेला ठसठशीत शब्द एकच, आणि तो भयाचा आहे.

जेथे मराठे राहिले तेथे निराळे घडले. ओरिसात १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत नागपूरकरांचा अंमल होता. शिवभट साठे यांच्यासारखे सुभेदार कटकास राहिले. जगन्नाथपुरीच्या यात्रेची वहिवाट त्यांच्या देखरेखीखाली चालली, आणि कोणार्कचा अरुणस्तंभ पुरीस मंदिरापुढे उभा राहिला तोही याच काळात. तंजावरचे उदाहरण याहून बोलके. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० नंतरच्या दशकात तेथे राज्य स्थापिले. ते १८५५ पर्यंत टिकले. तेथे गेलेल्या कुटुंबांनी तमिळ देशात घरे केली, सरस्वती महालासारखा ग्रंथसंग्रह वाढविला. सरफोजी राजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिरावर आपल्या वंशाचे चरित्र मराठीत कोरून घेतले. आजही तंजावरी मराठी बोलणारी घरे दक्षिणेत आहेत. राज्य गेले, भाषा घराघरांतून उरली.

वंशाची श्रद्धा आणि वंशाचे रक्त या दोन गोष्टी नेहमी एकत्र जातात असेही नाही. हरियाणातील रोर समाजात, आपण पानिपतावरून (१७६१) मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत अशी भावना आता दृढ झाली आहे, आणि ते पानिपताचा स्मृतिदिन आस्थेने पाळतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात मात्र या समाजाचे निकटचे नाते वायव्य भारतातील प्राचीन लोकांशी दिसून आले. तरीही त्या बांधवांच्या आस्थेचे मोल कमी होत नाही. आपण कोणाचे आहोत हे माणूस पुष्कळदा रक्ताने नव्हे, आठवणीने ठरवितो.

तर मग बर्गींनी बंगालचा वंश मुळीच बदलला नाही काय? बदलला, पण आपल्या रक्ताने नव्हे, आपल्या भयाने. गंगारामाने रेखाटलेले ते पळणारे लोक कोठे गेले, याचा माग घेतला म्हणजे हे ध्यानात येते. राढ प्रदेशातील, म्हणजे भागीरथीच्या पश्चिमेकडील कुटुंबे नदी ओलांडून पूर्वेस गेली. काही पद्मेपलीकडे स्थिरावली. विणकर, व्यापारी, कारागीर नव्या गावी बसले. त्यांच्या सोयरिकी नव्या मुलखात जुळल्या. आणि अनेकांनी इंग्रजांच्या आश्रयाला, कलकत्त्यास धाव घेतली. व्यापाराचे ठाणे असलेल्या या गावाला वस्तीचा जो भर आला, त्याच्या कारणांपैकी बर्गींचे भय हे एक मोठे कारण होय. ज्या जुन्या कुटुंबांच्या कहाण्या ‘बर्गींच्या वेळी आमचे पूर्वज इकडे आले’ अशा वाक्याने सुरू होतात, त्यांच्या वंशवेलीला आपल्या पूर्वजांच्या घोड्यांनीच वळण दिले आहे.

या भयाची एक खूण शहराच्या अंगावरच होती. बर्गी कलकत्त्यावर येतील या धास्तीने रहिवाशांनी नबाबाची अनुमती मिळवून शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. बर्गी काही आले नाहीत आणि काम तसेच राहिले. पुढे कलकत्तेकरांना थट्टेने ‘डिचर’, म्हणजे खंदकवाले, म्हणण्याची रीत पडली. १७९९ साली खंदकाचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड बांधण्यात आला. उरलेला १८९२-९३ च्या सुमारास बुजला. आज त्या रस्त्यास आचार्य जगदीशचंद्र बोस व आचार्य प्रफुल्लचंद्र राय या दोन थोर शास्त्रज्ञांची नावे आहेत. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ ही गल्ली तेवढी जुने नाव सांगते. जो खंदक मराठ्यांना बाहेर ठेवण्यासाठी खणला, त्याच्यावरून आज मराठी माणूस ट्राम-बसने निर्वेधपणे कामावर जातो. इतिहासाने केलेली ही मौज स्मरणात ठेवण्याजोगी आहे.

हा बदल घडला तो मराठ्यांच्या दुसऱ्या आगमनामुळे. ते तलवारीचे नव्हते. त्याचा सर्वांत उज्ज्वल प्रतिनिधी म्हणजे सखाराम गणेश देऊस्कर. त्यांचे घराणे मूळ कोकणातील देऊस गावचे. ते स्वतः १८६९ साली देवघरजवळील करों या गावी जन्मले. तो भाग तेव्हा बंगाल इलाख्यात होता, आता झारखंडात आहे. घरची भाषा मराठी. पण लेखणी बंगाली झाली. प्रथम देवघरास शिक्षक आणि पुढे कलकत्त्यास ‘हितवादी’ पत्राचे संपादक म्हणून त्यांनी काम केले. इंग्रजी राज्यात देशाचे आर्थिक शोषण कसे झाले हे सांगणारा त्यांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली निघाला. स्वदेशीच्या चळवळीत तो घरोघर वाचला गेला आणि १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी-उत्सव रुजविण्यात देऊस्करांचा पुढाकार होता. त्यांच्याच पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी १९०४ साली ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ च्या उत्सवास स्वतः लोकमान्य टिळक कलकत्त्यास आले. ज्या प्रांतात आईने मुलाला मराठ्यांचे भय घालून निजवावे, त्याच प्रांताने दीडशे वर्षांनी शिवरायांचा उत्सव करावा, हे मनपरिवर्तन कोणत्याही फौजेला साधले नसते. ते एका मराठी शिक्षकाने बंगाली भाषेत लिहून साधले.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. रमेशचंद्र दत्त यांनी १८७८ साली ‘महाराष्ट्र जीवन-प्रभात’ ही कादंबरी बंगालीत लिहिली. सर यदुनाथ सरकार यांनी आयुष्याचा मोठा भाग मराठ्यांच्या इतिहासास दिला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याशी त्यांचे जे दीर्घ सख्य जमले त्याला भारतीय इतिहाससंशोधनात तोड नाही. दोघांची मते सर्वत्र जुळत नव्हती. तरीही एका बंगाल्याने व एका मराठ्याने शेजारी बसून तीच कागदपत्रे वाचावीत, हा बर्गींच्या वारशावरचा खरा उतारा होय.

आपली, म्हणजे आज येथे असणाऱ्या मराठी कुटुंबांची, वंशवेल या दुसऱ्या आगमनाची आहे. ज्या नागपूरहून भास्करपंत डोंगरवाटांनी आले, त्याच नागपूरला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगाल-नागपूर रेल्वेने बंगालशी जोडले. त्या वाटेने कारकून आले, अभियंते आले. बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती यांतील बदल्यांनी माणसे आली. सांगली-साताऱ्याकडच्या दुष्काळी गावांतून सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक आले. त्यांनी कोणाचे धान नेले नाही. उलट पहिल्या महिन्याच्या पगारातून घरी मनिऑर्डर केली आणि उरलेल्यात येथे बिऱ्हाड थाटले. कोणाच्या घरी बंगाली सून आली, कोणाची लेक बंगाल्यांच्या घरी गेली. गणपतीची आरती म्हणणारी मुले अष्टमीला अंजली देऊ लागली. १७४२ साली दाईंहाटला अर्धी राहिलेली पूजा अशा रीतीने कितीतरी घरांत पुरी झाली आहे.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर काय? रक्ताच्या नात्याने पाहिले तर, आपण बहुतेक जण त्या स्वारांचे वंशज नाही. नावाच्या नात्याने मात्र त्यांचा वारसा आपल्याकडे चालत आला आहे, आणि तो नाकारता येत नाही. पूर्वजांच्या शौर्याचा जो अभिमान मागतो, त्याने त्यांनी जाळलेल्या गावांचे दुःखही पत्करले पाहिजे. मुलाला दोन्ही सांगावे. त्याला लाज वाटावी म्हणून नव्हे. शेजारच्या आजीच्या गाण्यात एका पिढीचे अश्रू आहेत, हे त्याला कळावे म्हणून.

आणि याबरोबर आपले स्वतःचे एक काम राहून जाते आहे. वायकिंगांविषयी आज जग इतके जाणते, कारण कोणीतरी ‘त्यांनी जमीन वाटून घेतली व ते नांगरू लागले’ एवढी एक ओळ लिहून ठेवली. आपल्या कुटुंबांची तशी ओळ कोणी लिहिली आहे? कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कोणत्या कारणाने पहिला पुरुष अथवा पहिली स्त्री येथे आली, हे सांगू शकणारी पिढी आता थकली आहे. त्यांच्यानंतर मुलांपाशी फक्त आडनाव उरेल. म्हणून प्रत्येक घराने निदान या तीन गोष्टी, गाव, साल आणि कारण, कागदावर उतरवाव्यात व मंडळाकडे सुपूर्द कराव्यात. सोबत आईकडचे गाव आणि आजीचे माहेरही लिहावे, कारण जुन्या वंशावळींत तीच पाने कोरी राहिली आहेत.

स्वाऱ्यांचा इतिहास दुसरे लोक लिहितात. वसाहतीचा इतिहास मात्र ज्याने घर केले त्यालाच लिहावा लागतो.